पोलादाची रेघ

एप्रिलात पोटमाळ्यावर उंदीर मेला नसता तर धाकू मेस्त्रींची पेटी आणखी दहा वर्षं तिथेच पडून राहिली असती.

वास तीन दिवस येत होता. पहिल्या दिवशी संपदाने त्याचं खापर शेजारच्या सुक्या बोंबलांवर फोडलं, दुसऱ्या दिवशी गटारावर. तिसऱ्या दिवशी कामावरून आल्या आल्या तिने ओढणी कमरेला बांधली आणि शिडी लावली.

"तुम्ही नुसती शिडी धरा," ती नवऱ्याला म्हणाली. "वर मी चढते."

"शिडी धरायला किती बोटं लागतात गं?" जितेश म्हणाला.

असले विनोद तो अधूनमधून करायचा. पहिल्यांदा केला तेव्हा संपदा रडली होती. आता ती उत्तरही देत नसे.

उंदीर सापडला तो एका पत्र्याच्या पेटीमागे. त्याची विल्हेवाट लावल्यावर संपदाने पेटीही खाली घेतली. भंगारात द्यायच्या विचाराने. कडी गंजून बसली होती, ती जितेशने दगडाने ठोकून काढली. आत त्याच्या वडिलांची, धाकू मेस्त्रींची, खाकी हाफपँट होती, मशीनच्या तेलात भिजवून ठेवलेली, आणि तिच्यात गुंडाळलेली हत्यारं. दोन रंधे, चार पटाश्या, वाकस, करवत, गिरमिट. धार लावायचा दगड, मधोमध झिजून होडीसारखा झालेला.

संपदाला वाटलं, आता हा रडणार. तो रडला नाही. मोठा रंधा त्याने डाव्या हातात घेतला आणि बराच वेळ तसाच धरून बसला.

"काय झालं?"

"बाबा डावखुरे होते," तो म्हणाला. "विसरूनच गेलो होतो मी."

रंध्याच्या मुठीला अंगठ्याचा खळगा पडला होता. चाळीस वर्षं एकाच जागी टेकलेल्या डाव्या अंगठ्याचा. जितेशचा अंगठा त्यात बसला.

त्याच्या उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढंच उरलं होतं. मधली तीन बोटं मीरा रोडच्या एका टॉवरमध्ये, अठराव्या मजल्यावर, कोणाच्या तरी मुलांच्या खोलीतलं कपाट करताना गेली. कटरला संरक्षक जाळी असते, पण ती लावली की काम सावकाश होतं, म्हणून ती कोणीच लावत नाही. जितेशही लावत नसे. ठेकेदाराने हॉस्पिटलचं पहिलं बिल भरलं, दोनदा सफरचंदं घेऊन आला, आणि मग त्याचा फोन लागेनासा झाला.

त्याला दोन वर्षं झाली होती. या दोन वर्षांत संपदा भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या एका गाळ्यात कामाला लागली होती. वाट्या, ताटं, डबे. पॉलिश होऊन आलेला माल उजेडात धरून बघायचा, डाग असला तर बाजूला काढायचा, बाकीच्यावर स्टिकर लावून खोक्यात भरायचा. मुलगी सान्वी नववीत गेली होती. आणि जितेश पेणकरपाड्याच्या भाड्याच्या खोलीत घरी बसला होता. वॉचमनची नोकरी त्याने दीड महिना करून पाहिली. येणाऱ्या प्रत्येक सुताराची वहीत नावापुढे सही घ्यायची होती, आणि त्यातले निम्मे त्याच्या ओळखीचे होते. पूर्वी साइटवर त्याला सगळे मेस्त्री म्हणायचे. आता तेच लोक "अरे जितू, कसा आहेस" म्हणायचे आणि हाताकडे बघायचं टाळायचे. त्याने नोकरी सोडली. सकाळी उठून चहा घ्यायचा, मोबाइल बघायचा, दुपारी दोनला अंघोळ करायची. संपदाने नवऱ्याची तब्येत त्याच्या अंघोळीच्या वेळेवरून ओळखायला शिकून घेतलं होतं.

पेटी सापडल्यावर चौथ्या दिवशी तो सकाळी नऊला न्हाऊन मागच्या पडवीत बसला होता.

आधी त्याने गंज काढला, विटेची पूड आणि रॉकेल लावून. मग धार. वडिलांच्या हाताखाली तो बसला होता तेव्हा शाळकरी होता, पुढे शिकला ते सगळं प्लायवुडचं काम. मशीनने कापायचं, गोंदाने चिकटवायचं, वरून सनमायका मारायचा. हातहत्याराची धार त्याला फक्त बघून ठाऊक होती. पातं दगडावर कसं तिरपं धरायचं ते मात्र पात्यानेच सांगितलं. धाकू मेस्त्रींनी घडवून ठेवलेला उतार दगडाला आपोआप लागायचा, जितेशला तो फक्त राखायचा होता.

ती पाती सगळी पोलादाची नव्हती. मागे साधं लोखंड, आणि पुढे टोकाला बोटभर पोलादाचा तुकडा, गावच्या लोहाराने भट्टीत तापवून जोडलेला. पातं आडवं धरलं की जोडाची बारीक रेघ दिसायची. रेघेमागचं लोखंड काळसर, पुढचं पोलाद उजळ. कापतं ते पोलाद. रोज धार लावता लावता ते झिजत जातं. "रेघेपर्यंत आलास की हत्यार संपलं," वडील म्हणायचे. जितेशने मोठ्या रंध्याचं पातं खिडकीशी नेऊन पाहिलं. रेघेपुढे गव्हाच्या दाण्याएवढं पोलाद उरलं होतं. जपून वापरलं तर दोन वर्षं. पटाश्यांचीही तीच गत.

हे त्याने संपदाला सांगितलं नाही. मुद्दाम लपवलं असं नव्हे. हत्यारांचं बायकांना सांगायची त्यांच्या घरात पद्धतच नव्हती. त्याच्या आईने खंडेनवमीला हत्यारांना हळदकुंकू वाहिलं, अमावास्येला हत्याराला हात लावायचा नाही म्हणून त्या दिवशी नवऱ्याला घरी जेवायला वाढलं, यापलीकडे चाळीस वर्षांत काही विचारलं नाही. संपदाला त्याने फक्त एक गोष्ट सांगितली, तीही हसत. लहानपणी एकदा त्याने गोंदाचा डबा पटाशी घालून उघडला होता. धाकू मेस्त्रींनी आयुष्यात मुलाच्या एकदाच थोबाडीत मारली, ती तेव्हा.

"डब्यासाठी?" संपदा म्हणाली.

"पटाशीसाठी. म्हणाले, डबा उघडायला चमचा असतो. पटाशीने डबे उघडायला लागलास की समजायचं, तू सुतार नाहीस."

पहिल्यांदा त्याने दाराला पाचर केली. मग संपदाला ओट्याशी बसून भाजी चिरता यावी म्हणून एक उंच स्टूल. ते थोडं डुगडुगायचं. संपदा त्यावर बसून भाजी चिरायची आणि डुगडुगत नाही असं सांगायची.

जूनच्या शेवटी गोदूबाई आली. ही त्यांची घरमालकीण, पंचाहत्तरीची. एकेकाळी तिच्या सासऱ्याची मिठागरं आणि भातशेती होती, त्यावर आता टॉवर उभे आहेत. राहतं घरही नुकतंच पाडलं होतं आणि तिचा नातू भूपेश तिथे चार मजले चढवणार होता. भूपेशही बरोबर होता. त्याच्या टेम्पोतून दोन माणसांनी सागवानाचे काळे ओंडके उतरवले.

"मेस्त्री, हायस का घरान?" गोदूबाईने दारातून हाक मारली.

जितेश उठून उभा राहिला. संपदाने आतून पाहिलं, तो हातातला रंधा आडवा ठेवून, लुंगी सोडून पँट घालायला आत आला.

"ह्यो माज्या दाराचा उंबरा, न् ही चौकट," गोदूबाई म्हणाली. "माज्या सासऱ्यानं बसवलेली. आमची नात भूमिका ह्याच उंबऱ्यावरशी सासरी जायची व्हती. आता घरच न्हाय. तवा ह्याचे दोन पाट कर. नवरा-नवरी बसतील. न् लोखंडाचा खिला न्हाय पायजे त्यान."

"मार्गशीर्षात लग्न आहे बहिणीचं," भूपेश म्हणाला. "मी चार वर्कशॉप फिरलो ना. कोण हात लावत नाय. बोलतात, आतमधे जुने खिळे तुटलेत, मशीनच्या ब्लेडची वाट लागेल. आजीला बोललो, ऑनलाइन मस्त मिळतात, खडेवाले. ऐकतच नाय."

"खडेवाले तुज्या लग्नाला घे," गोदूबाई म्हणाली. "तुला कोण देल ती पन खडेवालीच असंल."

जितेश ओंडक्याशी बसला. त्याने लाकडावरून डावा तळवा फिरवला, दोन ठिकाणी थांबला, नखाने टोकरून पाहिलं.

"होईल," तो म्हणाला.

त्या रात्री जेवताना तो तीनदा म्हणाला, मशीनवाल्यांना नाही जमलं. सान्वी म्हणाली, "पप्पा, तिसऱ्यांदा सांगताय," तेव्हा तो हसला. पण संपदा हसली नाही. हे पाट झाले तर तिचा नवरा पुन्हा मेस्त्री होणार होता, आणि नाही झाले तर काय होईल ते तिला दुपारच्या अंघोळींवरून माहीत होतं.

कामाला वेळ लागत होता. हाताने चाचपून एकेक तुटका खिळा शोधायचा, भोवती पटाशीने कोरायचं, उपसून काढायचा. मग करवतीने फळ्या. करवत डाव्या हातात, उजव्या हाताचं मनगट फळीवर दाबून. सकाळचे पहिले दोन-अडीच तास नुसती धार. जुनं सागवान पात्याला थकवतं, दर थोड्या वेळाने पुन्हा दगडाकडे जावं लागायचं. उजव्या हाताच्या बोटांच्या थोटकांवर पातं टेकवून घासताना कातडी सोलायची. संध्याकाळी संपदा आली की तो हात मागे घ्यायचा.

"द्या इकडे."

"काही नाही गं."

"काही नाही तर दाखवा ना."

ती हळद-तेल लावायची. चादरीवर पिवळे डाग पडायचे. धार काढायला दुसरं कोणी मिळालं तर याचे निम्मे हाल वाचतील, एवढंच तिच्या डोक्यात फिरायचं. बाकी घरात बरं चाललं होतं. पडवीतून लाकडाचा जुना, तुपकट वास यायचा. रंध्यातून निघालेल्या लांब ढलप्या सान्वी बोटाला गुंडाळून बघायची. आणि शेजारपाजारचे लोक येऊन उगाच उभे राहायचे, त्यातला एकजण एकदा "मेस्त्री" म्हणाला.

नवरात्र बसलं तेव्हा एका पाटाची फळी तयार झाली होती. इतकी सपाट की गोदूबाईने गाल टेकवून पाहिला. दुसरी फळी आणि दोन्ही पाटांचे पाय बाकी होते. पाय फळीखालच्या खाचेत सरकवून बसवायचे, खिळ्याशिवाय. ते सगळं पटाशीचं काम.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी जितेश करवत घेऊन उत्तनला गेला. तिथे होड्यांचं काम करणारा एक म्हातारा सुतार करवतीचे दात नीट करून देतो असं त्याला कळलं होतं. बस धरून जायचं, दुपारभर बसायचं, संध्याकाळी यायचं. संपदाला वाटलं, देवानेच हा दिवस दिला.

गाळ्यात खंडेनवमीच्या पूजेसाठी मशीनं पुसून घेतात. आदल्या दिवशी जो तो आपल्या घरचा कोयता, कात्री, अडकित्ता घेऊन येतो आणि पॉलिशवाला भैया ते चकचकीत करून देतो. मालक काही बोलत नाही. वर्षातून एकदाची रीत आहे. संपदाने रंध्यांची पाती काढली, पटाश्या, वाकस घेतला, सगळं टॉवेलात बांधलं आणि कामावर नेलं.

"भैया, ये भी पूजा में रखना है," ती म्हणाली. "धार भी निकाल देना."

त्याने एक पटाशी उलटसुलट केली. "बहुत पुराना है, भाभी. किसका है?"

"ससुरजी का. अब मेरे आदमी काम करते हैं."

"दाग गहरा है."

"निकलेगा ना?"

"मेरे पास से डाग वापस नहीं जाता," तो म्हणाला. दाग म्हणायचं ते तो डाग म्हणाला, संपदाला खूश करायला.

आधी त्याने खरखरीत चाकावर धरलं. ठिणग्यांचा फवारा उडाला. सगळ्या बायका बघत होत्या. संपदा उभी राहून बघत होती आणि तिला मोठं वाटत होतं, आपल्याही घरात काहीतरी आहे. धार काढताना पात्याची टोकं तापून जांभळट पडली, पण ती तिला तिथून दिसली नाहीत. नंतर कापडी चाकावर मसाला लावून त्याने इतकं घासलं की टोकापासून मुळापर्यंत सगळं एकसारखं चमकायला लागलं, वाटीच्या बुडासारखं. संपदाने नेहमीच्या सवयीने प्रत्येक पातं उजेडात धरून पाहिलं. एकावरही डाग नव्हता.

जितेश घरी आला तेव्हा हत्यारं पाटावर मांडून वरून लाल कापड घातलेलं होतं.

"आता उद्याच बघायची," संपदा म्हणाली. "पूजेला."

"काय केलंयस?"

"बघाल ना."

तो खुशीत होता. उत्तनच्या म्हाताऱ्याने करवत छान करून दिली होती आणि एक पैसाही घेतला नव्हता. म्हणाला होता, डाव्या हाताचा सुतार मी दुसराच बघतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी रांगोळी झाली, झेंडूचा हार झाला. संपदाने कापड काढलं. सान्वीने मोबाइल धरला होता.

जितेशने बराच वेळ नुसतं पाहिलं. "ओळखूच येत नाहीत," तो म्हणाला.

संपदा हसली. "आमच्या गाळ्यात करून आणली. धारसुद्धा काढून आणली. तुमचा अर्धा दिवस जातो ना त्यात."

तो खाली बसला. मोठ्या रंध्याचं पातं उचलून त्याने आडवं धरलं, खिडकीच्या बाजूला वळला, पुन्हा वळला. मग दुसरं पातं. मग चारही पटाश्या, एकेक करून. सान्वी म्हणाली, "पप्पा, स्माइल." त्याने वर पाहिलं. फोटोत तो हसलेला आहे.

"चांगलं केलंस," तो संपदाला म्हणाला, आणि पाती पुन्हा जागच्या जागी ठेवली, हळदकुंकू वाहायला.

दसऱ्याला पूजा हलली. त्याच्या दुसऱ्या दिवशी संपदा कामावरून आली तर पडवीत ढलपी नव्हती. तिसऱ्या दिवशीही नव्हती.

"काम नाही केलंत?"

"हात दुखतोय."

"धार नीट नाही का झाली?"

"झाली की."

"मग?"

"हात दुखतोय बोललो ना."

चौथ्या दिवशी सान्वीने सांगितलं, पप्पा दोन वाजता अंघोळीला गेले.

रविवारी जितेश गोदूबाईकडे गेला असताना संपदा पडवीत गेली. सहा महिने ती बघत होती, पातं कसं बसवतात, पाचर कशी ठोकतात ते तिला आलं. तिने दुसरी फळी पुढ्यात घेतली आणि रंधा लोटला. तो घसरला. जोर लावून पुन्हा लोटला तेव्हा कुरकुरत गेला आणि काहीच निघालं नाही. तिने पातं काढून धार उजेडात धरली. धार दुमडली होती. चिवड्याच्या पाकिटाच्या चंदेरी कागदाची कड दुमडते तशी.

सोमवारी तिने पातं पॉलिशवाल्यापुढे ठेवलं. त्याने कानस घेऊन टोकावर घासून पाहिली.

"इसमें पोलाद है ही नहीं," तो म्हणाला. "पुराना जोड़वाला माल होगा. आगे ज़रा-सा रहा होगा, घिस गया. किसने घिसा?"

"तुमने."

त्याने कानस खाली ठेवली. म्हणाला, "आपने बोला था, भाभी, दाग नहीं चाहिए."

ते खरं होतं. संपदा जागेवर जाऊन बसली आणि संध्याकाळपर्यंत तिने ताटं तपासली. त्या दिवशी तिने एकही ताट बाजूला काढलं नाही. सुपरवायझर ओरडला तेव्हा तिच्या ते लक्षात आलं.

घरी आल्यावर तिने पर्ससुद्धा खाली ठेवली नाही.

"मला बोलला का नाहीत?"

जितेशला काय ते कळलं. "काय बोलायचं होतं?"

"की मी वाट लावली सगळ्याची."

"तू चांगल्यासाठी केलंस."

"असं नका बोलू. शिव्या घाला. एकदा घाला आणि मोकळे व्हा."

"तुला त्या रेघेचं कधी सांगितलं नाही मी," तो म्हणाला. "बाबांनीपण आईला सांगितलं नव्हतं. पण ती कधी हातच लावायची नाही. म्हणून चाललं."

"म्हणजे मी हात लावला हे चुकलं."

संपदा उभीच होती. मग ती आत गेली आणि कुकर लावला.

दुसऱ्या दिवशी तिने भाईंदरच्या हार्डवेअरच्या दुकानातून नवं पातं आणि दोन नव्या पटाश्या आणल्या. दुकानदार म्हणाला होता, कंपनीचा माल आहे, आयुष्यभर बघायला नको. पातं जुन्या पात्यापेक्षा पातळ निघालं, रंध्याच्या तोंडात खुळखुळायला लागलं. त्याला नवी पाचर हवी, पाचर करायला पटाशी हवी, आणि नव्या पटाशीला आधी धार हवी. एकाला दुसरं लागत गेलं. धार राखणं जितेश शिकला होता. कोऱ्या पात्याला ती पहिल्यापासून घडवणं वेगळं होतं. ते धाकू मेस्त्रींना येत होतं, आणि त्यांनी ते जितेशला शिकवलं नव्हतं, कारण तेव्हा जितेशला मशीनवर जायची घाई होती.

तरी तो आठ दिवस बसला. सकाळी नऊला अंघोळ करून बसला. ते संपदा पुढे कधी विसरली नाही. दगडावर पातं कधी जास्त तिरपं पडायचं, कधी कमी. थोटकांतून रक्त यायचं, दगडावरचं तेल तांबूस व्हायचं. आठव्या दिवशी त्याने दुसऱ्या फळीवर रंधा चालवला. पहिला हात ठीक गेला. दुसऱ्याला पातं सैल होऊन आत रुतलं आणि लाकडाचा पदर उचकटून आला. फळीच्या बरोबर मध्ये, वीतभर लांब, नखभर खोल.

संपदा तेव्हा कपडे वाळत घालत होती. तिने आवाज ऐकला आणि मागे वळून पाहिलं नाही.

गोदूबाईने त्या फळीवर हात फिरवला तेव्हा जितेश घरात बसून होता, संपदा पुढे झाली होती.

"ह्यो कसा झाला?"

"माझ्यामुळे झालं, आजी," संपदा म्हणाली, आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं.

गोदूबाईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाय, तू त्याची हत्यारं लखलखीत केलीस. माजा नातू माजा घर लखलखीत करतंय. तुमाला काय बोलायचा?" ती जायला निघाली आणि दारात थांबली. "त्याला सांग, मी रागावले न्हाय. न् रागावले असते तरी घर काय परत येनार न्हाय."

हे शेवटचं संपदाने जितेशला सांगितलं नाही.

भूपेश टेम्पो घेऊन आला आणि दोन्ही फळ्या घेऊन गेला. काशिमिऱ्याच्या एका वर्कशॉपने खूप मिनतवारी केल्यावर दुसरी फळी मशीनवर घातली. जितेशने त्या फळीतले खिळे सगळे काढले होते, एक सोडून. तो नेमका खोल होता. मशीनचं ब्लेड तुटलं, फळी चिरली, आणि वर्कशॉपवाल्याने भूपेशकडून ब्लेडची भरपाई घेतली. लग्नात नवरा-नवरी खडेवाल्या पाटांवर बसले. संपदा, जितेश, सान्वी तिघंही गेली होती. गोदूबाई सगळ्यांना जेवायचा आग्रह करत होती. जितेशने उजवा हात खिशात ठेवून डाव्या हाताने जेवण घेतलं. कोणीतरी म्हणालं, "अरे जितू, कसा आहेस?" तो म्हणाला, "मस्त."

तयार झालेली पहिली फळी गोदूबाईने परत पाठवली होती. पाय नसलेली. तिच्यावर आता संपदा कुकर ठेवते.

जानेवारीत गाळ्यात पॅकिंगला माणूस हवा होता. संपदाने विचारलं. तिला वाटलं होतं जितेश नाही म्हणेल, निदान दोन दिवस घेईल. तो म्हणाला, "कधीपासून?" स्टिकर लावायला एक अंगठा आणि एक करंगळी पुरते. डाव्या हाताने कागद सोलायचा, उजव्याने दाबायचं. सुपरवायझर त्याला जितेशभाई म्हणतो. पॉलिशवाला पहिल्या दिवशी त्याच्याजवळ येऊन उभा राहिला, काहीतरी बोलणार होता, मग चहा देऊन गेला. तेव्हापासून रोज देतो. नवरा-बायको सकाळी एकाच रिक्षाने जातात, संध्याकाळी एकाच रिक्षाने येतात. शेजारणी म्हणतात, नशीबवान आहेस, नवरा डोळ्यांसमोर असतो. जितेश सकाळी साडेसातला अंघोळ करतो, कारण आठची रिक्षा असते. संपदाला आता त्यावरून काहीही ओळखता येत नाही.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी तिला थालीपीठ करायचं होतं. पिठाच्या पत्र्याच्या डब्याचं झाकण घट्ट बसलं होतं. तिने चमचा घालून पाहिला, चमचा वाकला.

"जरा उघडून देता का?"

जितेश मोबाइल ठेवून उठला. मागे पडवीत गेला आणि धाकू मेस्त्रींची सगळ्यात रुंद पटाशी घेऊन आला, अजूनही आरशासारखी चकचकीत. डबा गुडघ्यांत धरून त्याने ती झाकणाखाली घातली आणि डाव्या हाताने दाबली. झाकण टक्कन निघालं.

संपदा त्याच्याकडे बघत राहिली. त्याने पटाशीला लागलेलं पीठ लुंगीला पुसलं आणि ती ओट्यावरच्या चमच्यांच्या स्टँडमध्ये खोचली, झारा आणि उलथनं यांच्या मध्ये.

"राहू दे इथेच," तो म्हणाला. "कामाला येईल." आणि पुन्हा मोबाइल घेऊन बसला.

संपदाने पीठ काढलं. मग झाकण डब्यावर नुसतं टेकवून ठेवलं, दाबलं नाही, म्हणजे पुढच्या वेळी ते तिचं तिला उघडता येईल.